वाहनाचा घडीचा टप : स्वच्छता, संरक्षण आणि निगराणीचे श्रम – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मोटारीच्या इतिहासाचे लेखन प्रामुख्याने इंजिन, कारखाना आणि बाजारपेठ या तीन गोष्टींभोवती फिरत आले आहे. वाहनाच्या छताचा विचार झालाच तर तो शैलीच्या किंवा सुरक्षिततेच्या अंगाने होतो. घडी करून मागे टाकता येणारे मऊ छत, ज्यास इंग्रजीत सॉफ्ट टॉप आणि आपल्याकडे बोलण्याच्या ओघात टप किंवा हूड म्हटले जाते, ते ऐषारामाचे लक्षण म्हणून नोंदवले जाते आणि विषय तेथेच संपतो. वस्तुतः संपूर्ण वाहनात निगेची सर्वाधिक गरज असणारा भाग हाच होय. पत्र्यावर एकदा रंग चढला की काही वर्षे त्याची फिकीर नसते. टप मात्र उन्हात तापतो, पावसात भिजतो, वाऱ्याने फडफडतो आणि या सर्वांवर कडी म्हणजे तो वारंवार दुमडला जातो. ज्या रेषेवर घडी पडते त्याच रेषेवर तो बहुधा प्रथम फाटतो.

ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ (२००६) या ग्रंथात शोधांच्या तारखांपेक्षा वस्तूंचा प्रत्यक्ष वापर आणि त्यांची देखभाल यांना तंत्रज्ञानाच्या इतिहासात स्थान मिळाले पाहिजे, असा आग्रह धरला आहे. टपाचे उदाहरण त्या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. टपाचे साहित्य कातड्यापासून रबरी कापडापर्यंत, तेथून प्लास्टिकपर्यंत आणि पुन्हा विणलेल्या कापडापर्यंत कसे बदलत गेले हे सांगणे सोपे आहे. प्रस्तुत निबंधाचा भर त्यावर नाही. प्रत्येक बदलाबरोबर तो टप स्वच्छ आणि शाबूत राखण्याचे काम कोणाच्या अंगावर येऊन पडले, हा येथील मुख्य प्रश्न आहे. प्रत्येक नवे साहित्य ‘आता निगेची गरज कमी’ अशा आश्वासनासह आले. प्रत्यक्षात निगा कमी झाली नाही, ती दुसऱ्याच्या हाती आणि दुसऱ्या रूपात गेली, असे या इतिहासाकडे पाहता म्हणावे लागते. हा इतिहास मुख्यत्वे ब्रिटन, अमेरिका आणि जर्मनी येथील आहे. मुंबईचा संबंध जेथे प्रत्यक्ष येतो तेथे तो नोंदवला आहे.

कातडी टप आणि पागेतील माणसे

घडीचा टप मोटारीने शोधलेला नाही. तो तिला घोडागाडीकडून वारशाने मिळाला. अठराव्या शतकात युरोपात प्रचारात आलेल्या आणि जर्मनीतील लांडाऊ या गावाचे नाव मिळालेल्या ‘लँडो’ गाडीचे छत दोन भागांत असे. पुढचा आणि मागचा भाग उभा करून मध्यभागी एकमेकांस जोडला की गाडी बंद होई, दोन्ही खाली टाकले की उघडी. पुढील शतकात लोकप्रिय झालेल्या ‘व्हिक्टोरिया’ या बुटक्या गाडीत केवळ मागच्या आसनावर छाया करणारा एकच टप होता. लाकडी अथवा लोखंडी कमानी, त्यांवर ताणलेले कातडे आणि आतून कापडी अस्तर अशी ही रचना होती. कमावलेल्या कातड्यावर जवसाच्या तेलापासून केलेल्या रोगणाचे काळे, चकचकीत पुट चढवलेले असे. पाणी अडवण्याचे काम हे पुट करी आणि घडी पडून तडकण्याचा दोषही त्याच पुटाचा असे.

अशा गाडीची निगा कशी राखावी याविषयी एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी गृहव्यवस्थेच्या आणि गाडीकारांच्या पुस्तकांत तपशीलवार सूचना आढळतात. इसाबेला बीटन यांच्या १८६१ सालच्या सुप्रसिद्ध गृहव्यवस्था-ग्रंथात कोचमन, मोतद्दार आणि तबेल्यातील पोऱ्या यांच्या कामांना वेगळा विभाग दिलेला आहे, ही गोष्ट लक्षणीय मानली पाहिजे. गाडी मळलेली असताना कधीही ठाणबंद करू नये, ती उन्हात धुऊ नये, रोगणाचे कातडे साबणाच्या पाण्याने पुसून त्यावर जवसाच्या तेलाचा अगदी पुसट हात फिरवावा, गाडीखाना आणि तबेला यांच्यामध्ये वाट ठेवू नये, अशा प्रकारच्या या सूचना आहेत. शेवटच्या सूचनेमागे रसायनशास्त्र आहे. घोड्यांच्या लिदी-मुतातून सुटणाऱ्या अमोनियाने रोगण तडकते आणि अस्तराचा रंग उडतो. हे ज्ञान कोणा प्रयोगशाळेतून आलेले नव्हते. पहाटे उठून गाडी धुणाऱ्यांनी वर्षानुवर्षे पाहिलेल्या नुकसानीतून ते जमा झाले होते. मात्र पुस्तके मालकिणीसाठी लिहिली जात आणि काम नोकर करीत. त्यामुळे या ज्ञानाचे खरे धनी ग्रंथांत केवळ कर्तव्यांच्या यादीच्या रूपाने उरले आहेत.

मुंबईत हा टप भाड्याच्या घोडागाडीवर विसाव्या शतकाच्या पलीकडेही टिकला. ‘व्हिक्टोरिया’ हेच नाव शहराच्या बोलीत रुळले. येथील गाडीवान हाच कोचमन, मोतद्दार आणि गाडी धुणारा असे तिन्ही होता. त्याच्या हाताखाली इंग्रज उमरावाच्या पागेतील मनुष्यबळ नव्हते आणि पावसाळा मात्र इंग्लंडच्या कितीतरी पट जोराचा होता. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेच्या फेरफटक्यासाठी चालणाऱ्या या गाड्या बेकायदेशीर ठरवून त्या वर्षभरात बंद करण्याचा आदेश दिला. घोड्यांच्या हालांचा प्रश्न त्या निर्णयाच्या केंद्रस्थानी होता आणि तो रास्तच होता. तथापि गाडीबरोबर तिच्या निगेचे हातचे ज्ञानही गेले, आणि त्याची नोंद ठेवण्याचे कोणास सुचल्याचे दिसत नाही.

रबराचे मेणकापड

कातडे महाग आणि जड. त्याऐवजी कापडच जलरोधक करता आले तर काय, या प्रश्नाचे पहिले व्यवहार्य उत्तर ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ मध्ये पेटंट घेऊन दिले. कोळशापासून दिव्याचा वायू तयार करणाऱ्या कारखान्यांत डांबर हा टाकाऊ पदार्थ उरत असे. त्यातून मिळणाऱ्या नॅफ्था या द्रवात कच्चे रबर विरघळते. हे द्रावण एका कापडावर पसरून त्यावर दुसरे कापड दाबले की मधल्या रबराच्या पापुद्र्यातून पाणी आरपार जात नाही. बाहेर कापड, मध्ये रबर, आत कापड ही तीन पदरी रचना पुढील दोनशे वर्षांत मोडलेली नाही. आजच्या महागड्या मोटारीचा कापडी टपही तत्त्वतः असाच असतो.

मॅकिंटॉश यांच्या कापडाचे दोष मात्र अनेक होते. ते थंडीत ताठ होई, उन्हाळ्यात चिकट होई, आणि त्याला उग्र दर्प येई. शिंप्याने सुई घातली की प्रत्येक टाक्याच्या छिद्रातून पाणी झिरपे. पहिले तीन दोष रबर आणि गंधक एकत्र तापवण्याच्या प्रक्रियेने बऱ्याच अंशी दूर झाले. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना ही प्रक्रिया १८३९ मध्ये गवसली आणि १८४४ मध्ये तिचे पेटंट मिळाले; इंग्लंडमध्ये मॅकिंटॉश यांचे भागीदार टॉमस हॅनकॉक यांनी १८४३ मध्ये स्वतंत्र अर्ज केला होता. चौथा दोष, शिवणीचा, अजूनही पुरता गेलेला नाही. जुन्या टपात पाणी शिरू लागले की कुशल कारागीर आधी शिवण तपासतो, कापड नंतर.

निगेच्या दृष्टीने रबराने एक नवीन अडचण निर्माण केली, जिची कल्पना कातड्याच्या काळातील माणसास असणे शक्य नव्हते. कातड्याला तेल हितकारक. रबराला तेल घातक. ज्या नॅफ्थाने रबर कापडावर बसवले, त्याच कुळातील पेट्रोल आणि रॉकेल रबराचा पापुद्रा फुगवून सैल करतात. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटार आली तेव्हा डाग काढण्याचा सर्वांत हाताशी असणारा पदार्थ पेट्रोल हाच होता, कारण तो गाडीच्या टाकीतच असे. त्यामुळे टपाचे कापड पेट्रोलने पुसू नये, अशी ताकीद त्या काळच्या मोटारविषयक मार्गदर्शक पुस्तकांना द्यावी लागली. पागेतून मोटारखान्यात आलेल्या जुन्या नोकराचा तेलाचा हात, जो कातड्यावर वर्षानुवर्षे योग्य ठरला होता, तोच आता टपाचा शत्रू ठरला.

रबरी कापडाला समांतर असा एक दुसरा प्रवाह होता, आणि मराठी भाषेशी त्याचा संबंध अधिक जवळचा आहे. कापसापासून केलेले नायट्रोसेल्युलोज एरंडेलात मऊ करून कापडावर थापले की कातड्यासारखे दिसणारे कापड तयार होते. मँचेस्टरजवळील हाइड येथील कंपनीने या कापडास ‘रेक्झीन’ असे व्यापारी नाव दिले होते. मूळ उत्पादन कालौघात संपले. शब्द मात्र भारतात घर करून बसला. आज महाराष्ट्रातील रिक्षाच्या हूडाला, शाळेच्या दप्तराला आणि दवाखान्यातील बाकाला जे ‘रेक्झीन’ म्हणतात ते रासायनिकदृष्ट्या निराळेच, म्हणजे प्लास्टिकचा लेप दिलेले कापड असते. एरंडेलाचा भारत हा प्रमुख पुरवठादार देश आहे, हे येथे जाता जाता नमूद करण्यास हरकत नाही.

मालकाच्या हाती आलेले काम

१९०८ मध्ये बाजारात आलेली फोर्ड कंपनीची मॉडेल टी ही गाडी १९२७ पर्यंत दीड कोटीहून अधिक संख्येने तयार झाली. आरंभीची बहुतांश वर्षे तिचे सर्वाधिक खपाचे रूप उघडे, कापडी टपाचे होते. ही गाडी घेणारा शेतकरी, दुकानदार अथवा डॉक्टर यांच्याकडे कोचमन नव्हता. टप चढवणे, उतरवणे, धुणे, वाळवणे ही सर्व कामे आता मालकाची झाली. पूर्वी टप उभारण्यास दोन माणसे लागत. १९१० च्या दशकात ‘एका माणसाने चढवता येणारा टप’ अशी जाहिरात गाडीकारखाने करू लागले. नोकरांचा वर्ग वाहनाभोवतून हटत चालल्याची ही खूण म्हणता येईल.

फोर्डच्या मालकांना दिल्या जाणाऱ्या पुस्तिकेचे स्वरूप प्रश्नोत्तरांचे होते आणि तीत टपाच्या निगेवरही एक प्रश्न होता. घडी करताना कापड कमानींच्या मध्ये चिमटले जाणार नाही याकडे लक्ष द्यावे, अन्यथा घासून भोक पडते, आणि टप जुना झाल्यास त्यावर योग्य लेप लावावा म्हणजे तो पुन्हा चांगला दिसेल, असे तेथे सांगितले आहे. गृहव्यवस्थेच्या ग्रंथात मालकीण नोकराला जे सांगे, तेच आता कारखाना थेट मालकाला सांगू लागला. सूचना देणारा आणि काम करणारा यांच्यामधील अंतर कमी झाले. परंतु पहाटेच्या पाहणीतून आलेले अनुभवज्ञान या साखळीतून गळाले, आणि त्याची जागा बाटलीतील लेपाने घेतली. टपावर लावायच्या तयार लेपांची बाजारपेठ याच काळात वाढलेली दिसते.

अमेरिकन मालकाने या कामाला किती लवकर कंटाळून पाठ फिरवली याची साक्ष आकडे देतात. १९१९ मध्ये तेथील नव्या मोटारींत बंद छताच्या गाड्या सुमारे १० टक्के होत्या. १९२७ पर्यंत हे प्रमाण ८५ टक्क्यांवर पोचले. बंद गाडीची किंमत उतरणे हे याचे मुख्य कारण इतिहासकार देतात, आणि ते खरेच आहे. थंडी आणि धूळ यांचाही त्यात वाटा होता. तरीही ओला टप घडी करून ठेवल्यावर पुढच्या रविवारी त्याला येणारा कुबट वास आणि पांढुरके ठिपके यांचा हिशेब कोणत्याही किंमतपत्रकात येत नाही. तो ग्राहकाच्या मनात मात्र होता, असे अनुमान करण्यास जागा आहे. उघडी गाडी गरज न राहता हौस झाली आणि ‘कन्व्हर्टिबल’ म्हणून वेगळी ओळखली जाऊ लागली.

बुरशी, युद्ध आणि जीप

टपाच्या निगेचा प्रश्न प्रयोगशाळेत गेला तो दुसऱ्या महायुद्धात. १९४१ पासून विलीज आणि फोर्ड या कारखान्यांतून लाखोंच्या संख्येने बाहेर पडलेल्या लष्करी जीपला जाड सुती कापडाचा टप होता. याच जातीच्या कापडाचे तंबू, मालमोटारींची आच्छादने आणि पिशव्याही सैन्यासोबत होत्या. प्रशांत महासागरातील उष्ण, दमट बेटांवर हे कापड पाहता पाहता कुजू लागले. सुती धागा हा जवळजवळ शुद्ध सेल्युलोज असतो आणि काही बुरशी सेल्युलोज पचवतात. शत्रूच्या गोळ्यांशी या नुकसानीचा काही संबंध नव्हता, तरी ते सैन्याला परवडणारे नव्हते.

अमेरिकन सैन्याच्या पुरवठा विभागाने कुजलेल्या कापडावरील बुरशींचे नमुने गोळा करून त्यांचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. सॉलोमन द्वीपसमूहातील बूगनव्हिल बेटावरील एका कुजलेल्या सुती आच्छादनावरून मिळालेल्या बुरशीच्या वाणाला क्यूएम ६ए असा क्रमांक देण्यात आला. एल्विन रीझ आणि त्यांच्या सहकारी मेरी मँडेल्स यांनी ही बुरशी कापड कसे खाते याचा दीर्घकाळ शोध घेतला, आणि पुढे १९७७ मध्ये तिला रीझ यांच्याच नावावरून ट्रायकोडर्मा रीझाय हे नाव मिळाले. कापड वाचवण्यासाठी ज्या जीवाचा अभ्यास झाला तोच पुढे उद्योगाच्या कामी आला. त्याने स्रवलेली विकरे आज डेनिमला जुनी छटा देण्यासाठी आणि सुती कापडावरील लव उतरवण्यासाठी वापरली जातात. जीपचा टप खाणारी बुरशी कापड देखणे करू लागली, हा इतिहासातील एक विलक्षण उलटफेर होय.

युद्धकाळातील तातडीचा उपाय मात्र विषाचा होता. तांब्याचे नॅफ्थेनेट हे हिरवट, दर्पयुक्त द्रव्य कापडात मुरवले जाई. त्याने बुरशी रोखली जाई; परंतु पाऊस आणि धुणे यांबरोबर ते हळूहळू निघून जाई आणि पुन्हा द्यावे लागे. स्वच्छता आणि संरक्षण परस्परांच्या आड येतात ही अडचण येथे प्रथम स्पष्टपणे समोर येते. धुतले नाही तर मळावर बुरशी वाढते, धुतले तर बुरशीनाशक जाते.

युद्धानंतर हीच जीप भारतात आली. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९४८ मध्ये महिंद्र अँड महिंद्र हे नाव धारण केलेल्या कंपनीने माझगाव येथे विलीज जीपची जुळणी सुरू केली. तहसील कचेरी, पाटबंधारे, वन आणि पोलीस खात्यांत पुढील काही दशके सरकारचे वाहन म्हणजे जीप असे समीकरण राहिले. कापडी हूडाची ही गाडी कोकणातील पावसाळ्यात आणि मराठवाड्याच्या उन्हात सारखीच वापरली गेली. येथे तिच्या निगेचे काम पुन्हा पगारी चालकाकडे आले. म्हणजे अमेरिकेत मालकाकडे गेलेले काम भारतातील सरकारी व्यवस्थेत जुन्या पागेच्या पद्धतीने नोकराकडेच राहिले. हूड फाटल्यास ठिगळ लावणारे, बटणे आणि पट्टे बदलणारे कारागीर तालुक्याच्या गावी बसत, आणि ताडपत्री शिवणारा तोच जीपचे हूडही शिवी. ताडपत्री हा शब्दही विचार करण्याजोगा आहे. डांबर लावलेल्या कापडाच्या इंग्रजी नावाचा उच्चार मराठीत ओळखीच्या ताडपत्राजवळ येऊन विसावलेला दिसतो. आणि पावसाळ्यापूर्वी ताडाची किंवा माडाची झावळी शाकारण्याची परंपरा ज्या प्रदेशात होती तेथे हा अर्थ सहज पटण्यासारखा होता.

प्लास्टिकचे आश्वासन

अक्रन येथील बी. एफ. गुडरिच या रबर कंपनीत वाल्डो सेमन यांनी १९२६ मध्ये पॉलिव्हिनाइल क्लोराइड हे कडक प्लास्टिक विशिष्ट द्रवांत तापवून मऊ आणि लवचीक केले. १९५० च्या दशकात अमेरिकन कन्व्हर्टिबल गाड्यांवर या विनाइलचे टप सर्रास दिसू लागले. विनाइल पाणी शोषत नाही, बुरशीला खाण्यास देत नाही, ओल्या फडक्याने पुसले की स्वच्छ होते. नळीने पाणी मारा आणि विसरा, असा त्याचा लौकिक होता.

ज्या द्रवांमुळे प्लास्टिक मऊ राहते ते त्यात कायमचे बांधलेले नसतात, ही त्याची मेख आहे. उन्हात ते हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि उडून जातात. टप कडक होतो, आक्रसतो आणि थंडीच्या सकाळी घडी घालताना तडकतो. कडक साबण आणि विरंजक द्रव्ये यांनी ही क्रिया आणखी वेगाने होते. त्यामुळे विनाइलला ‘पोषण’ देणाऱ्या सिलिकोनयुक्त लेपांचा धंदा फोफावला. वास्तविक बाहेरून चोळलेला लेप आतून गेलेले द्रव परत आणू शकत नाही. तो चकाकी देतो, धूळ मात्र अधिक धरून ठेवतो. पारदर्शक विनाइलच्या मागील खिडकीची गत याहून वाईट. ती पिवळी पडते, धुळीसकट पुसली की चरे पडतात आणि घडीच्या रेषेवर पांढरी होऊन फुटते. १९८९ मध्ये आलेल्या माझदा एमएक्स-५ या लोकप्रिय गाडीत टप खाली घेण्यापूर्वी ही खिडकी साखळी उघडून सपाट पसरवणे इष्ट असे. १९९८ च्या दुसऱ्या पिढीत कंपनीने तेथे काच बसवली आणि मालकाच्या दिनक्रमातील एक काम खरोखरच कमी झाले. तंत्रज्ञानाने निगा प्रत्यक्षात घटवल्याची जी थोडी उदाहरणे या इतिहासात सापडतात त्यांपैकी हे एक.

जर्मनीत परंपरा थोडी वेगळी राहिली. ओस्नाब्रुक येथील कारमान कारखान्यात १९४९ ते १९८० या काळात तयार झालेल्या फोक्सवॅगन बीटल कन्व्हर्टिबलचा टप गादीसारखा जाड, अनेक पदरी होता. तो हिवाळ्यात ऊब देई. पण एकदा आत ओल शिरली की वाळण्यास तितकाच वेळ घेई. अमेरिकेत मात्र वातानुकूलन, वेगवान महामार्ग आणि उलटलेल्या गाडीतील सुरक्षिततेविषयीची नियमांची धास्ती यांमुळे कन्व्हर्टिबलच मागे पडली. १९७६ ची कॅडिलॅक एल्डोरॅडो ही शेवटची अमेरिकन कन्व्हर्टिबल म्हणून गाजवण्यात आली. ते भाकीत टिकले नाही. १९८२ मध्ये क्रायसलरने अशी गाडी पुन्हा बाजारात आणली.

कृत्रिम धागा आणि न झिजणारे संरक्षण

उत्तर कॅरोलिनातील ग्लेन रेव्हन या कापड कंपनीने १९६१ मध्ये दुकानांच्या छपऱ्यांसाठी सनब्रेला नावाचे ॲक्रिलिक कापड आणले. त्यातील धागा विणण्यापूर्वी नव्हे, तर धागा म्हणून बाहेर पडण्यापूर्वीच, द्रावणाच्या अवस्थेत रंगवलेला असतो. त्यामुळे रंग केवळ वरवर न राहता आरपार असतो आणि उन्हाने सहज उडत नाही. याच प्रकारचे ॲक्रिलिक वर, मध्ये रबर आणि आत सुती किंवा पॉलिएस्टर अस्तर अशी टपाची आधुनिक रचना सिद्ध झाली. मॅकिंटॉश यांची जुनीच कल्पना नव्या धाग्यांत. विक्रेते अशा टपाला ‘मोहेर’ म्हणजे अंगोरा बकरीच्या लोकरीचा म्हणतात, परंतु त्यात बकरीचा बहुधा एकही केस नसतो.

या कापडाच्या निगेविषयी सर्रास एक गैरसमज आढळतो. पाणी अडवण्याचे काम मधल्या रबराचे असते. वरच्या कापडाला दिलेल्या जलप्रतिकारक प्रक्रियेचे काम पाणी वर थेंबरूपाने राहून घरंगळून जावे एवढेच. ही प्रक्रिया झिजली म्हणून टप लगेच गळत नाही, पण वरचे कापड पाणी पिऊन घेते, तासन् तास ओले राहते आणि त्यातील धुळीवर शेवाळ व बुरशी वाढते. ॲक्रिलिक स्वतः बुरशीचे अन्न नसते, त्यावर बसलेली माती असते. म्हणून मऊ ब्रशाने धूळ झाडणे, सौम्य साबणाने धुणे, पक्ष्यांची विष्ठा वाळू न देणे, दाबाच्या पाण्याचा फवारा शिवणीवर न मारणे आणि पूर्ण वाळल्याशिवाय घडी न करणे हा क्रम सुचवला जातो. साबण पुरेसा निघाला नाही तर मात्र तोच पाण्याला कापडात ओढून घेतो, कारण पाण्याचा पृष्ठताण कमी करणे हाच साबणाचा धर्म आहे. धुतल्यानंतर प्रक्रिया पुन्हा द्यावी लागते. तांब्याच्या नॅफ्थेनेटच्या वेळी दिसलेली अडचण येथे परत येते.

ही प्रक्रिया अधिक टिकाऊ करण्यासाठी फ्लोरीनयुक्त संयुगे पुढे आली. थ्री एम कंपनीत पॅट्सी शर्मन आणि सॅम्युएल स्मिथ यांच्या संशोधनातून निघालेले स्कॉचगार्ड १९५६ मध्ये बाजारात आले. त्याची सुरुवात १९५३ मध्ये प्रयोगशाळेत एका सहायिकेच्या कापडी बुटावर द्रव सांडण्यातून झाली. त्या डागावर ना पाणी टिके ना तेल. फ्लोरीन आणि कार्बन यांचा बंध अत्यंत बळकट असल्यामुळे हे संयुग उन्हाला व पाण्याला दाद देत नाही. टपाच्या मालकाला हवे होते ते नेमके हेच. नेमके हेच नंतर संकट ठरले. कापडावरून झिजून निघालेले आणि कारखान्यांतून सांडलेले हे पदार्थ माती व पाणी यांत विघटित होत नाहीत आणि सजीवांच्या रक्तात साठतात. मे २००० मध्ये थ्री एमने आपले मूळ रसायन बंद करण्याची घोषणा केली. स्टॉकहोम करारात पीएफओएस या संयुगाचा समावेश २००९ मध्ये आणि पीएफओए चा २०१९ मध्ये झाला.

दरम्यान टपाला पत्र्याने हटवण्याचा आणखी एक प्रयत्न होऊन गेला. १९९६ च्या मर्सिडीझ एसएलके पासून घडी होणाऱ्या धातूच्या छताची लाट आली आणि २००० च्या दशकात ती अनेक कारखान्यांनी उचलली. वजन, सामानाची जागा आणि यंत्रणेची गुंतागुंत यांमुळे ती ओसरली. बीएमडब्ल्यूने २०१८ च्या झेड ४ मध्ये आणि मर्सिडीझने २०२१ च्या एसएल मध्ये पुन्हा कापडाचा टप स्वीकारला. म्हणजे कापड धुण्याचा प्रश्न अधिक मोठ्या बाजारपेठेसह परत आला, आणि तोही अशा वेळी, जेव्हा त्याचे सर्वांत परिणामकारक उत्तर हातातून जात होते.

लांब साखळीच्या फ्लोरीन संयुगांऐवजी आखूड साखळीची संयुगे काही काळ वापरली गेली, परंतु तीही निसर्गात टिकून राहतात हे दिसून आल्यावर फ्लोरीनरहित मेण आणि सिलिकोन यांवर आधारित प्रक्रियांकडे उत्पादक वळत आहेत. या प्रक्रिया पाणी पुरेसे दूर ठेवतात. तेल आणि डांबरी काजळी मात्र त्यांना जुमानत नाहीत. शहरातील रस्त्यावर उभ्या गाडीच्या टपावर नेमकी तीच साचते. असा टप अधिक वेळा धुवावा लागतो, अधिक वेळा वाळवावा लागतो आणि त्यावर अधिक वेळा हात फिरवावा लागतो. आणि तो हात आता बहुतेक शहरांत मालकाचा नसून गाड्या धुण्याच्या केंद्रावर रोजावर काम करणाऱ्या, कोणत्या बाटलीत काय आहे हे ज्याला सांगितले जात नाही अशा कामगाराचा असतो.